अक्सेल स्विंडाल : घसरण्याच्या खेळातील एक लोकप्रिय माणूस



या अंकातील पाठ अशा एका खेळाडूविषयी आहे, ज्याचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. मीसुद्धा तो पडद्यावरच पाहिला आहे. खेळाडूचे नाव अक्सेल लुंड स्विंडाल, जन्म २६ डिसेंबर १९८२, देश नॉर्वे. नॉर्वेची एकूण लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०१९ मध्ये तो खेळातून निवृत्त झाला. तरीही इंटरनेटवर त्याला मानणारे लोक देशोदेशी आहेत. तो सिनेनट नाही, त्याच्या खेळाचा मोसम ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो, आणि चार वर्षांतून एकदा येणारे हिवाळी ऑलिम्पिक सोडले तर बाकीचे जग त्या खेळाकडे फारसे पाहतही नाही. मग हा माणूस लोकांना एवढा का आवडावा? तुमच्या हातात फोन आल्यापासून 'किती जणांना आवडले' हा आकडा तुम्ही रोज पाहता, म्हणून हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. 'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला आहे. त्याचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची पट्टी. अशा दोन पट्ट्या पायांना बांधून बर्फावरून जाणे ही नॉर्वेतील लोकांची शेकडो वर्षांची गरज होती, खेळ ती नंतर झाली. 'स्लालम' हा शब्दही नॉर्वेच्या तेलेमार्क भागातला. 'स्ला' म्हणजे उतरण आणि 'लोम' म्हणजे स्कीने उमटलेली वाट. परंतु डोंगरावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यती वाढल्या त्या आल्प्स पर्वताच्या देशांत, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडकडे, म्हणून त्यांना अल्पाइन म्हणतात. नॉर्वेचे लोक मुख्यतः सपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये पुढे असत. १९५२ च्या ओस्लो ऑलिम्पिकमध्ये स्टाइन एरिक्सन याने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आल्प्सबाहेरच्या पुरुषाने अल्पाइन प्रकारात सुवर्ण जिंकण्याची ती पहिली वेळ होती. आपल्या देशात हा खेळ काश्मीरमध्ये गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला चालतो.

या शर्यतींत डाउनहिल सर्वांत वेगवान. दोन मीटरहून लांब स्की, अंगाला चिकटलेला पातळ पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. वरून सुटायचे आणि साधारण दीड-दोन मिनिटांत पायथ्याशी यायचे. वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. मध्ये उंचवटे असतात, तेथून खेळाडू हवेत उडतो आणि कित्येक मीटर पुढे जाऊन टेकतो. सुपर-जी थोडी अधिक वळणांची, जायंट स्लालम त्याहून अधिक आणि स्लालममध्ये तर वळणेच वळणे.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. मराठीत 'घसरणे' हे क्रियापद चांगल्या अर्थाने क्वचितच येते. भाव घसरतात, गुण घसरतात, जीभ घसरते, पाय घसरतो. या खेळात मात्र घसरणे हेच कसब आहे. जो नीट घसरतो तो जिंकतो.

स्विंडालची कामगिरी आधी थोडक्यात. विश्वचषकाच्या मालिकेत ३६ विजय. संपूर्ण मोसमात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला जो मोठा स्फटिकाचा गोल देतात, तो दोनदा, २००७ आणि २००९ मध्ये. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत पाच सुवर्णपदके. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये एकाच वेळी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. २०१८ मध्ये प्योंगचांगला आणखी एक सुवर्ण. मोठी यादी आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्याच देशाच्या शेटिल आंद्रे ओमोट याची ऑलिम्पिक पदके आठ आहेत, म्हणजे स्विंडालच्या दुप्पट. पदकांच्या हिशेबाने लोकप्रियता ठरली असती, तर आजचा पाठ ओमोटवर लिहावा लागला असता.

आता २७ नोव्हेंबर २००७ कडे येऊ. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात बीव्हर क्रीक नावाचे ठिकाण आहे. तेथील उतरणीचे नाव 'बर्ड्स ऑफ प्रे', म्हणजे शिकारी पक्षी. मोसम नुकताच सुरू झाला होता आणि स्विंडाल हा आधीच्या वर्षीचा विजेता. शर्यत नव्हती, तिच्या आधीचा सराव चालू होता. एका मोठ्या उंचवट्यावरून उडी घेताना हवेतच त्याचा तोल गेला आणि तो आदळून खाली घरंगळत गेला. चेहऱ्याची हाडे मोडली, नाक मोडले. त्याच्याच स्कीच्या धारेने जांघेजवळ सुमारे सहा इंच लांबीची खोल जखम झाली. स्कीची कड पोलादी आणि सुरीसारखी धारदार असते, हे ध्यानात घ्या. उरलेला सारा मोसम रुग्णालयात आणि घरी गेला. आपल्याकडे 'पडलो तरी नाक वर' अशी म्हण आहे, ती बढाईखोरांसाठी. या गड्याचे नाकच मोडले होते, वर ठेवणार कुठून?

पुढच्या मोसमात तो परतला. डिसेंबर २००८ मध्ये शर्यती पुन्हा बीव्हर क्रीकलाच होत्या. तीच उतरण, तोच उंचवटा, जिथे वर्षभरापूर्वी त्याला उचलून न्यावे लागले होते. तेथे त्याने डाउनहिल जिंकली आणि दुसऱ्या दिवशी सुपर-जीही जिंकली. परतल्यानंतरचे त्याचे हे पहिले विजय. त्या मोसमाच्या शेवटी गुणतक्त्यात स्विंडालचे १००९ गुण झाले आणि ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइखचे १००७. पाच महिन्यांच्या शर्यतींनंतर दोन गुणांनी मोठा गोल त्याच्याकडे आला.

येथून इंटरनेटचा संबंध सुरू होतो. पडण्याची दृश्ये इंटरनेटवर फार चालतात. याची कारणे सरळ आहेत. दृश्य दहा-वीस सेकंदांचे असते. भाषा समजावी लागत नाही, खेळाचे नियम ठाऊक असावे लागत नाहीत. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो शेजाऱ्याला दाखवतो. संगणकाची व्यवस्था अशी, की लोक जे थांबून पाहतात ते ती आणखी लोकांपुढे ठेवते. चांगल्या शर्यतीची दोन मिनिटे पाहण्यासाठी थोडी माहिती लागते, पडणे पाहण्यासाठी काहीच लागत नाही. पण अशा दृश्यातील माणसाचे नाव कोणाच्या लक्षात राहते? शेकडो खेळाडू पडतात, लाखो लोक पाहतात आणि नाव कोणी विचारत नाही. स्विंडालचे नाव राहिले, कारण त्याच्या पडण्याला पुढचा भाग होता आणि तो पुढचा भाग लोकांना वर्षानुवर्षे, वाट पाहत, तुकड्यातुकड्याने पाहायला मिळाला.

आणि तो एकदाच पडला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोसमाच्या तोंडावर ऑस्ट्रियात फुटबॉल खेळताना त्याच्या टाचेमागची शीर तुटली. ही गोष्ट मला थोडी हसू आणणारी वाटते. ताशी सव्वाशे किलोमीटरने जाणारा माणूस चेंडूशी खेळताना जायबंदी झाला! पुढचा मोसम मात्र त्याने गाजवला. जानेवारी २०१६ पर्यंत सात शर्यती जिंकल्या. सातवी २२ जानेवारीला, ऑस्ट्रियातील किट्झब्युहेलची सुपर-जी. दुसऱ्याच दिवशी तेथील प्रसिद्ध डाउनहिल होती. त्या उतरणीला 'श्ट्राइफ' म्हणतात आणि जगातील सर्वांत अवघड उतरणींत ती मोजली जाते. त्या दिवशी उजेड कमी, पृष्ठभाग खडबडीत. एकाच जागी तीन नामवंत खेळाडू कोसळले आणि स्विंडाल त्यांतला एक. तीस खेळाडू उतरल्यावर शर्यत थांबवावी लागली. त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले होते. मोसम संपला. पुढच्या मोसमातही गुडघ्याने साथ दिली नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये तो अर्ध्यावर सोडावा लागला. किट्झब्युहेलची सुपर-जी त्याने तीनदा जिंकली, पण तेथील डाउनहिल त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही.

एवढ्या दुरुस्त्या झालेले पाय घेऊन तो फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियात उतरला आणि डाउनहिलचे सुवर्णपदक घेतले. वय ३५. पुरुषांच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये इतक्या वयात ऑलिम्पिक सुवर्ण तोवर कोणी मिळवले नव्हते, आणि नॉर्वेला ऑलिम्पिक डाउनहिलचे सुवर्णही तोवर मिळाले नव्हते. दुसरा आला त्याचाच सहकारी शेटिल यानस्रुड, ०.१२ सेकंदांनी मागे. सुमारे एक वर्षाने, ९ फेब्रुवारी २०१९ रोजी, स्वीडनमध्ये ओरे येथे स्विंडालची शेवटची शर्यत झाली. या वेळी सुवर्ण यानस्रुडला आणि रौप्य स्विंडालला. अंतर ०.०२ सेकंद.

गणिताची वही काढा. वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर सेकंदाला सुमारे २८ मीटर होतात. मग ०.१२ सेकंद म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास आणि ०.०२ सेकंद म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. बारा वर्षांपूर्वी, २००७ साली, याच ओरेमध्ये त्याने पहिले जागतिक सुवर्ण जिंकले होते. तेथेच शेवटचे सुवर्ण अर्ध्या मीटरने गेले. कागदावर ही हार आहे. पण त्या दिवशी या दोघा सहकाऱ्यांचे पाहणाऱ्या लोकांनी त्याला हरलेला म्हणून निरोप दिला नाही.

लोकप्रियतेला बाजारभाव असतो, हेही तुम्हाला कळायला हवे. स्कीपटूच्या शिरस्त्राणावरची कपाळाची जागा ही जाहिरातीसाठी सर्वांत महाग जागा. दूरदर्शनवर मुलाखत चालू असताना तीच सर्वांना दिसते. ती जागा खेळाडूची की देशाच्या स्की महासंघाची? नॉर्वेत यावरून मोठे वाद झाले. स्विंडालचा एक तरुण सहकारी, हेन्रिक क्रिस्टोफर्सन, याच मुद्द्यावर आपल्या महासंघाविरुद्ध न्यायालयात गेला आणि ते प्रकरण एफ्टा न्यायालयापर्यंत पोहोचले. त्या न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर आपले मत दिले. कपाळावरची वीतभर जागा आणि एवढे मोठे कज्जे! तेव्हा एखाद्या खेळाडूचे हसरे छायाचित्र फोनवर दिसले, की टोपीवर काय लिहिले आहे तेही पाहत जा.

आता या पाठाचा मुख्य भाग. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, २०२२ च्या शरद ऋतूत, स्विंडालने इन्स्टाग्रामवर स्वतःच्या छायाचित्रासोबत एक निवेदन प्रसिद्ध केले. वय तेव्हा ३९. नॉर्वेजियन ही त्याची मातृभाषा, पण निवेदन त्याने इंग्रजीत लिहिले, म्हणजे ते केवळ देशबांधवांसाठी नव्हते. त्याचा आशय असा होता. आपल्या शरीरात काही बदल झाल्याचे त्याला जाणवले. ते काय आहे, काही आहे की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तरी तो डॉक्टरांकडे गेला. तेथून त्याला लगेच रुग्णालयात पाठवले आणि वृषणाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया लवकरच झाली. पुढचे चित्र चांगले असल्याचेही पहिल्या आठवड्यानंतरच समजले. हे सारे महिन्यांत नव्हे तर आठवड्यांत उरकले, याचे श्रेय त्याने आपल्या एका निर्णयालाही दिले: शंका येताच डॉक्टरांना दाखवले.

हा शब्द शाळेच्या पत्रिकेत छापावा की नाही, याचा मी विचार केला. काही पालकांना तो खटकेल. पण विचार करा, ज्या माणसाला जगभरातून लोक पाहतात, त्याला हे लपवणे किती सोपे होते! गुडघा मोडला तर सांगायला कोणी लाजत नाही, उलट तो पराक्रमाचा पुरावा होतो. हे दुखणे तसे नाही. त्याबद्दल मित्रांत विनोद होतात आणि घरात कोणी बोलत नाही. स्विंडालने तेच दुखणे नावानिशी सांगितले, आणि कोणाला शंका असेल तर त्याने तपासून घ्यावे, म्हणून सांगितले. ज्यांनी त्याला पडताना आणि उठताना पाहिले होते, त्यांनीच ते वाचले आणि पुढे पाठवले. तीच व्यवस्था, जी एरवी अपघाताची दृश्ये फिरवते, तिने या वेळी एक उपयोगाची माहिती फिरवली.

ती माहिती अशी. वृषणाचा कर्करोग एकंदरीत दुर्मीळ आहे, पण जेव्हा होतो तेव्हा बहुधा तरुणांना होतो, साधारण पंधरा ते चाळीस या वयात. नॉर्वेमध्ये त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके आहे. भारतात ते बरेच कमी आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पहिले लक्षण बहुतेक वेळा न दुखणारी गाठ, सूज किंवा जडपणा. दुखत नाही म्हणूनच मुले दुर्लक्ष करतात. प्रत्येक सूज कर्करोगाची नसते, बहुतेक वेळा कारण साधे असते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. लवकर सापडला तर या कर्करोगाचे शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. कर्करोगांच्या सर्व प्रकारांत इतका चांगला हिशेब फार थोड्यांचा आहे.

आपल्याला जवळचे उदाहरण युवराजसिंगचे. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या काळातच त्याला खोकला, धाप आणि उलट्या होत होत्या आणि तो खेळत राहिला. पुढे त्याच्या दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतील गाठ कर्करोगाची निघाली. २०१२ मध्ये अमेरिकेत उपचार घेऊन तो त्याच वर्षी मैदानावर परतला. त्याची गाठ वेगळ्या जागी होती, पण ती याच कुळातील होती. आपण सर्वांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र उलट्या होत असताना खेळत राहण्याचे जे कौतुक झाले, ते मला तेव्हाही पटले नव्हते.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही, ते अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगचे. या सायकलपटूला १९९६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हाच कर्करोग झाला. तो फुफ्फुसांत आणि मेंदूतही पसरला होता. त्यातून तो बरा झाला आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे त्याने 'टूर द फ्रान्स' जिंकली. त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी कडे २००४ पासून जगभर लोकांच्या मनगटांवर दिसू लागले. पुढे तो बंदी असलेली औषधे घेत होता हे सिद्ध झाले. २०१२ मध्ये सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरदर्शनवर कबुली दिली. कडी उतरली. पण त्याचा आजार खोटा नव्हता आणि त्याच्यामुळे ज्या तरुणांनी वेळेवर तपासून घेतले, त्यांचे बरे होणेही खोटे नव्हते. लोकप्रिय माणूस आणि त्याने सांगितलेली गोष्ट, या दोहोंची तपासणी वेगवेगळी करावी लागते. स्विंडालचे म्हणणे खरे मानायचे ते तो विजेता आहे म्हणून नव्हे, तर कोणताही डॉक्टर तेच सांगेल म्हणून.

नववी ते बारावीच्या मुलांसाठी एक सूचना. या वर्षीच्या आरोग्य तपासणीत उंची, वजन, दात आणि डोळे यांच्या रांगेपासून दूर, प्रयोगशाळेमागच्या खोलीत पडदा लावून वेगळी व्यवस्था केली आहे. मुलांसाठी पुरुष डॉक्टर आणि मुलींसाठी स्त्री डॉक्टर, दोन वेगळ्या वेळी बसतील. तेथे एकट्याने जाता येईल. शिक्षक किंवा वर्गप्रतिनिधी सोबत असणार नाहीत, आणि कशासाठी आलात हे दाराशी कोणी विचारणार नाही.